परक्या तळावरचा धोबी

कुत्र्यानं माझ्या डब्यात तोंड घातलं, तेव्हा फाटकावरचा गोरा शिपाई हसला नाय. हसला असता तर बरं झालं असतं. हसणाऱ्याला समोरचा माणूस दिसत तरी असतो. त्यानं नुसतं माझ्या खांद्यावरनं मागच्या रांगेकडं बघितलं, आणखी किती राहिलेत म्हणून.

डब्यात चपात्या होत्या आणि बटाट्याचं कालवण. रांगेत सगळे आम्हीच. हिंदुस्तानी, नेपाळी, बंगाली. हात वर, पाय फाकवून, तोंड पत्र्याच्या भिंतीकडं. कुत्र्यावर माझा राग नाय. वास घ्यायला त्याला शिकवलं होतं. पण डबा उघडून जमिनीवर ठेव, असं मला बोटानं दाखवलं ते त्या शिपायानं. कुत्र्याची लाळ चपातीवर पडली. मी डबा कचऱ्याच्या पिंपाकडं घेऊन चाललो तर तो ओरडला.

“नो. टेक. ईट.”

आमचं अन्न त्यांच्या पिंपात टाकायलाही बंदी होती. मी झाकण लावलं, डबा उचलला, आत गेलो. दिवसभर उपाशीपोटी त्यांच्याच वर्द्या धुतल्या.

मी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतला. घरात दखनी, बाहेर मराठी. आमच्या अब्बांनी जन्मभर छावणीच्या बाजारात जवानांच्या वर्द्यांना इस्त्री केली. कोळशाची इस्त्री. वर्दी हातात घेतली की तोंडातली बिडी काढून ठेवायचे. ठिणगी पडंल म्हणून नाय. अदब म्हणून. ही छावणी मूळची कुणाची, तेही त्यांनीच सांगितलं. निजामानं आपल्या रक्षणाला इंग्रजांची फौज पदरी घेतली, तिच्यासाठी ही वसली. अब्बा म्हणायचे, “बुलानेवाले मर गये, फौज रह गई.” लहान होतो. मला वाटायचं, म्हातारा जुन्या गोष्टी सांगतोय.

आखातात गेलो ते मोठ्या हॉटेलात लाँड्रीचं काम हाय म्हणून. शहरातल्या एजंटानं तसंच सांगितलं होतं. उतरल्यावर गाडीत बसवलं आणि वाळवंटात आणून सोडलं. हॉटेल नव्हतंच. दुसऱ्याच एका बलाढ्य मुलकाच्या सैन्याचा तळ होता. ज्या देशात तो होता त्याचं नाव मी घेत नाय. त्या लोकांशी माझं भांडण नाय. पासपोर्ट कंपनीनं काढून घेतला होता. परत कसं जाणार?

तिथंच भगवान भेटला. गंगापूर तालुक्यातला, मराठ्याचा पोरगा. कपाशीच्या रानातनं उठून आलेला. पहिल्याच दिवशी मी पाण्याच्या नळापाशी “लई ऊन हाय रे” म्हणलं, तर मागनं आवाज आला, “कुठले तुम्ही, भाई?” त्या दिवसापासनं आम्ही एका खोलीत. इकडं गावाकडं त्याच्या घरचे माझ्या घरी जेवले असते की नाय, मला ठाऊक नाय. तिथं त्या शिपायाला आम्ही दोघं एकच होतो. गळ्यात पासाचा एकाच रंगाचा पट्टा.

रंगाचं सांगतो. त्यांच्या माणसांचा पट्टा दुसऱ्या रंगाचा, त्यांना वेगळं फाटक. आम्हाला वेगळं. ज्यांचा देश, त्यांच्या माणसांनाही आमच्याच फाटकातनं यावं लागायचं.

एका सकाळी आमच्या रांगेत एक फौजी अधिकारी उभा राहिला. त्या देशाचा. खांद्यावर बिल्ले, मिशा पांढऱ्या. शिपाई त्याच्या नातवाच्या वयाचा. त्यानं त्या अधिकाऱ्याची टोपी मागितली. उलटी करून आत बघितलं. कमरेचं पिस्तूल काढून घेतलं. मग म्हणला, हात वर. अधिकाऱ्यानं हात वर केले. आम्ही सगळे खाली बघायला लागलो. मला वाटलं, हे आपण बघायला नको होतं.

त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. झडती झाल्यावर टोपी हातातच धरून तो माझ्याकडं बघून बोलला, “इधर मेरा बाप बकरी चराता था.” एवढंच. मग आत गेला.

माझं काय. मी मजूर. परक्या मुलकात गेलेला. माझी झडती झाली तर मी पोटासाठी गिळली. पण हा माणूस आपल्या बापाच्या रानात उभा होता. आपल्या देशाची वर्दी घालून. आणि त्याला हात वर करायला लावत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, तळ देणं म्हणजे काय. आपलं फाटक आपण दुसऱ्याच्या हातात देतो, आणि मग आपल्यालाच विचारतात, कशाला आलास?

मग शेजारच्या मुलकाशी त्या गोऱ्यांची जुंपली. ज्यांची जमीन त्यांना कुणी विचारलं नाय. शेजाऱ्यानं तळावर रॉकेटं डागली.

संध्याकाळी भोंगा वाजला. आम्ही लाँड्रीत होतो. समोरच काँक्रीटचा बंकर होता. सगळे पळाले, आम्हीही पळालो. दारात एक शिपाई आपली माणसं आत घेत होता. भगवान माझ्या पुढं होता. शिपायानं त्याच्या छातीवर हात ठेवला. ढकललं नाय. नुसता पंजा ठेवला.

“नॉट यू.”

आत जागा होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. रिकामा बाक होता.

आम्ही परत पळालो आणि धुण्याच्या मशिनींच्या मधी आडवे झालो. भगवान “आई, आई” करत होता, मी कलमा पढत होतो. मग कानाचे पडदे फाटतील असा आवाज. भगवानचा डावा फाटलाच. डोळे उघडले तेव्हा छत खाली आलं होतं आणि इस्त्रीवर काम करणारा बिहारचा पोऱ्या हलत नव्हता. त्याला मीच सरळ केलं. मीच त्याच्या तोंडावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बातमी आली. तळावरचा एकही सैनिक जखमी नाय. बातमी खोटी नव्हती. मेला तो पोऱ्या सैनिक नव्हता.

सकाळी सुपरवायझर आला. धुळीनं भरलेल्या वर्द्यांचा ढीग टाकला आणि म्हणला, चला, कामाला लागा. मी म्हणलं, नाय धुणार. त्याला वाटलं मी घाबरलोय. मी घाबरलो होतोच. पण त्यापायी नाय म्हणत नव्हतो. भगवान माझ्या शेजारी येऊन बसला. कंपनीनं आम्हाला कामचोर ठरवलं आणि परत धाडलं. जाताना दम दिला, बाहेर तोंड उघडायचं नाय.

गावी आलो. अब्बा तोवर गेले होते. त्यांचं दुकान उघडलं. भगवान रानात परत गेला. आम्ही कुणालाच काही सांगितलं नाय. कोण ऐकणार? इकडं लोकांना वाटत होतं, आम्ही पैसा कमवून आलोय.

आणि मग एक दिवस गिऱ्हाइकानं दुकानात फलक आणून लावला. शहरात जाहीर चर्चा. विषय असा की, मित्रराष्ट्राच्या सैन्याला आपल्या किनाऱ्यावर तळ द्यावा का. मी दिवसभर इस्त्री करता करता तो वाचत राहिलो. भगवानला फोन केला. ऐकायला कमी येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. तो एसटीनं आला. पांढरा सदरा घालून आला, लग्नाला आल्यासारखा.

थंडगार सभागृह. पुढच्या खुर्च्यांवर रेशमी जाकिटं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बडे साहेब. आता संरक्षणाच्या सामानाचा कारखाना टाकणार म्हणून पुढंपुढं होते. एका तरुण प्राध्यापिकेनं विरोधात मांडलं, चांगलं मांडलं, पण लोक मोबाइल बघत होते. साहेब उठले तसे लोक सावरून बसले. साहेबांचं बोलणं गोड. दोन्ही बाजूंना शत्रू हाय, एकट्यानं निभणार नाय, बलवानाची छत्री घ्यावी, त्यात कमीपणा कसला. तळ असला की डोळा वर करायची कुणाची हिंमत होत नाय.

यातलं काही खरंही असंल. मी लष्करातला माणूस नाय. मी ऐकून घेत होतो.

मग ते म्हणले, शिवाय रोजगार बघा. आपली मराठवाड्यातली मुलं आखातातल्या तळांवर कामाला जातात. तसलीच नोकरी आपल्याच देशात मिळेल. घर सोडायला नको.

तसलीच नोकरी. आपल्याच देशात.

माझा हात आपोआप वर गेला. प्रश्नांची वेळ झाल्यावर माईक माझ्यापर्यंत आला. मी उभा राहिलो. म्हणलं, साहेब, मी अशाच तळावर होतो.

“वा,” साहेब म्हणले. “काय होतात तिथं?”

“कपडे धुवायचो.”

सभागृहात हसू फिरलं. मोठं नाय. रुमालात धरतात तसलं.

“मग कपड्यांचं सांगा. संरक्षणाचं आम्ही बघू. नाव काय आपलं?”

मी नाव सांगितलं.

“तरीच,” साहेब म्हणले.

एकच शब्द. पुढं बोलायची गरजच नव्हती. सभागृहाला कळलं. मलाही कळलं. अब्बांच्या जन्मभराच्या इस्त्रीवर कुणीतरी थुंकलं. परक्या फौजेला घरात घ्या म्हणणारा देशभक्त, आणि नको म्हणणारा मी संशयित. का? नाव.

भगवानला ऐकू आलं नव्हतं. माझं तोंड बघून त्यानं विचारलं, “काय म्हणला रं?” मला तो शब्द त्याच्या चांगल्या कानाशी माझ्या तोंडानं सांगावा लागला. सगळ्यात जास्त लाज त्याची वाटली.

भगवान उठला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज, आपोआप मोठा.

“माझं नाव भगवान. जात मराठा. गाव गंगापूरकडं. मीबी धुणंच धूत व्हतो. बंकरच्या दारात मला हात लावून माघारी लावलं, तवा माझं नाव कुणी इचारलं नाय. आता मला म्हणा तरीच.”

साहेबांनी हात हलवला. भावनेच्या भरात बोलू नका, बसून घ्या. कार्यकर्ता माईक घ्यायला आला. मी सोडला नाय. त्यांनी मागनं बंद केला. मग मी बिनमाईकचं बोललो.

“ज्यांची जमीन, त्यांच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याला मी हात वर करून उभा बघितलाय. भोंगा वाजला तेव्हा त्यांनी आधी आपली माणसं आत घेतली. तुमच्या किनाऱ्यावर भोंगा वाजंल, तेव्हाही ते त्यांचीच घेतील. देश राखायला मला बोलवा, मी येतो. ह्याला बोलवा, हा येतो. दुसऱ्याची फौज आणून आम्हाला तिची धुणी धुवायला लावू नका.”

कुणी शरमलं नाय. गोष्टीत शरमतात. तिथं एकजण ओरडला, बाहेर काढा ह्यांना. दोघांनी दंडाला धरलं. दारातनं बाहेर पडताना मागं टाळ्या ऐकल्या. मला नव्हत्या. साहेबांनी नंतर हात वर करायला सांगितलं आणि बहुतेकांनी तळाच्या बाजूनं हात वर केले, असं त्या प्राध्यापिकेनं दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितलं.

तोवर सभेतला व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला होता. भगवान त्यात नव्हताच. त्याला कापून काढलं होतं. फक्त मी, ओरडताना, खाली माझं नाव. हा कुणाचा माणूस, असा प्रश्न. बाजारातली ओळखीची माणसं दुसऱ्या बाजूनं जायला लागली. जुनी गिऱ्हाइकं अर्धवट इस्त्रीचे कपडे तसेच मागून नेऊ लागली.

मग साहेबांचा माणूस आला. स्टुलावर बसला, पाणी पिला. म्हणला, साहेब मोठ्या मनाचे हायत. पुढच्या कार्यक्रमाला स्टेजवर खुर्ची देतील. फक्त एवढंच सांगायचं की तिथं राहण्याखाण्याची सोय चांगली होती, आणि त्या दिवशी आपला तोल गेला. फिरतंय ते सगळं थांबंल.

माझी बायको आतल्या पडद्याआड उभी होती. घरात दोन पोरी. तिनं काय म्हणावं? मला वाटलं ती म्हणंल, हो म्हणा. ती बाहेर आली आणि त्या माणसाच्या हातातला पेला काढून घेतला.

“इनको नक्को बुलाओ,” ती म्हणली. “ये नहीं आते.”

मी तिच्याकडं बघितलं. मग त्याला म्हणलं, “तिथं सोय कशी होती ते साहेबांना बघायचं असंल, तर एकदा त्या रांगेत उभं राहा म्हणावं.” तो गेला. दुकान त्या दिवशी रिकामंच राहिलं, आजही अर्धं रिकामंच असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गंगापुरात आम्ही सभा ठेवलीय. आमची. मांडव नाय, माईक नाय, स्टँडसमोरची मोकळी जागा. भगवान गावोगाव सांगत फिरतोय. प्राध्यापिका येते म्हणलीय. तिच्या घरचे येऊ देतील की नाय, माहीत नाय. पोलिसांनी मला बोलावून विचारलं, तुला काय पडलंय? मी म्हणलं, मला पडलंय. अब्बांची कबर इथंच हाय.

मी भाषण पाठ करत नाय. बघितलं ते सांगणार. त्या बिहारच्या पोऱ्याचं सांगणार, त्या पांढऱ्या मिशांच्या अधिकाऱ्याचं सांगणार. साहेबाला मी विरोधक म्हणत नाय. शत्रू म्हणतो. रागात नाय म्हणत, विचार करून म्हणतो. माझ्या मुलकाची वीतभर जमीन परक्या फौजेला द्यायची गोष्ट ज्यानं काढली, त्याला आधी माझ्याशी भांडावं लागंल. मी भांडणार हाय. एकटा राहिलो तरी.