दोनदा थापटलं की सोडायचं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ज्युदोत अंगावर काळेनिळे डाग जमतात, तसेच ते जमतात. नेमकं कुठे लागलं ते घरी गेल्यावर, अंघोळीच्या वेळी कळतं! बिबवेवाडीच्या आमच्या क्लासचे व्हिडिओ काढले, त्या दिवसांतले माझ्याकडे भरपूर आहेत. डागही आणि किस्सेही.

व्हिडिओंचं खूळ पेंडसे सरांचं. सरांचा डावा गुडघा पार गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीनंतर गुडघा बदलायचा आणि मग ही फेकाफेकी कायमची बंद. सर घरी न जाता थेट क्लासच्या हॉलवर आले आणि म्हणाले, "दिवाळीच्या आत सगळे डाव कॅमेऱ्यात पाहिजेत. मी करून दाखवलेले. तोंडी सांगितलेले चालणार नाहीत."

झालं! कॅमेरा आला निलोफरकडून. ती आमच्याच क्लासची, आणि तिच्या वडिलांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. मी तेव्हा एका आयटी कंपनीत टेस्टिंगला होतो, अंगाने बेताचा, म्हणून पडायचं काम माझ्याकडे. इंटरनेटवर मी आजही सापडतो. फक्त उभा सापडत नाही!

*

पहिल्याच दिवशी गंमत झाली. इतकी वर्षं सरांच्या हातून पडल्यामुळे माझ्या अंगाला सवयच लागली होती. निलोफर "स्टार्ट" म्हणाली, सरांनी माझ्या कॉलरकडे हात नेला आणि मी धाडकन मॅटवर!

सरांचा हात हवेत तसाच. "मंदार, मी अजून हात लावलेला नाही. वाऱ्याने पडलास का?"

निलोफर इतकी हसली की पुढचे दोन टेक हललेले आले. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आपण पडायचं नाही, पाडू द्यायचं. खोटं बघून कोणी शिकला आणि डोकं फोडून घेतलं, तर ते पाप माझ्या माथी." तेव्हापासून हा नियम झाला.

*

पहिला व्हिडिओ निलोफरच्या अब्बांनी स्वतः एडिट करून दिला. हौशी माणूस! आम्ही सगळे सरांच्या घरी कॉम्प्युटरपुढे जमलो. सर मला कमरेवर घेतात, मी हवेत, एकदम स्लो मोशन... आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या! शेवटी मी खाली पडलेला, सर माझ्यावर वाकलेले, आणि दोघांच्या भोवती बदाम.

निलोफरने डोक्याला हात लावला. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या लग्नात नव्हतं हो एवढं!"

सर शांतपणे म्हणाले, "निलोफर, वडिलांना सांग, फेक फार छान आलीय. फक्त आमचं लग्न लावू नका."

*

क्लास भरायचा तो सोसायटीचा हॉल. गळा आवळायचा डाव घ्यायचा त्या दिवशी बघतो तर भिंतभर फुगे आणि 'हॅपी बर्थडे'ची पताका. सेक्रेटरींच्या नातवाचा वाढदिवस संध्याकाळी होता. "एकाही फुग्याला हात लावायचा नाही," अशी तंबी! पण सर थांबणाऱ्यातले नव्हते. दिवाळी जवळ येत होती आणि डाव बरेच बाकी होते.

आता गळ्याच्या डावात एक रिवाज असतो. सहन होईनासं झालं की हाताने दोनदा थापटायचं. थापटलं की समोरच्याने त्या क्षणी सोडायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. पण व्हिडिओ चांगला यावा म्हणून मी थापटलंच नाही. दम धरला. डोळ्यांपुढे काजवे चमकले तसं सरांनीच सोडलं आणि असे भडकले!

"थापटायची लाज वाटते? लाजेपायी मान मोडून घेणारा शूर नसतो, गाढव असतो!"

निलोफर कॅमेऱ्यामागून म्हणाली, "सर, तुम्ही कधी थापटलंय?"

सर पट्टा आवळत म्हणाले, "अजून तरी तसा प्रसंग आलेला नाही."

"गुडघ्याला विचारा!" कोपऱ्यातून काकू.

त्या व्हिडिओखाली पहिलीच कॉमेंट आली, "बर्थडे बॉयला लवकर सोडा, केक कापायचाय." सरांनी तिलाही एका बोटाने टाइप करून उत्तर दिलं, "वाढदिवस दुसऱ्याचा आहे. कळावे." सर प्रत्येकाला उत्तर द्यायचे. शंका काढतो तो विद्यार्थी, असं त्यांचं म्हणणं.

*

त्याच सुमारास माझ्यासाठी विश्रांतवाडीचं एक स्थळ आलं होतं. आईने मोठ्या कौतुकाने सांगितलं, मुलाचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत! मुलीच्या वडिलांनी सगळे पाहिले. चार दिवसांनी फोन आला.

"मुलगा चांगला आहे हो. पण एकाही व्हिडिओत जिंकत नाही."

आई आठवडाभर सरांवर रागावली होती. मी सरांना सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना सांग, पडणाऱ्याशिवाय डाव होत नाही." आईला ते मुळीच पटलं नाही.

*

उचिमाता हा डाव सरांनी अगदी शेवटी ठेवला होता. त्यांचा जीव की प्राण! एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय समोरच्याच्या मांड्यांमध्ये घालून त्याला वर उडवायचं. उभं राहायचा तो पाय डावा. म्हणजे नेमका तोच.

हॉलच्या दारावर आकाशकंदील लागले होते. काकू म्हणाल्या, "अहो, हा एवढा एक तोंडी सांगा ना. कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," सर म्हणाले.

पहिल्यांदा गुडघा लटपटला आणि सर माझ्यावरच रेलले. दुसऱ्यांदाही तेच. त्यांचा चेहरा मला बघवेना. तिसऱ्यांदा मी हळूच माझी मीच उडी घेतली. काय सुंदर उडालो! निलोफर ओरडली, "परफेक्ट, सर! झालं!"

सर माझ्याकडे बघत होते. "उडी मारलीस."

"नाही, सर."

"मंदार, तुझं वजन मला तुझ्या आईपेक्षा जास्त माहितीय. निलोफर, पुसून टाक तो. आणि तू, पाय रोवून उभा राहा. खरा."

रोवले. रडू येत होतं, तरी सगळी ताकद लावून रोवले. सरांनी कॉलर धरली, खेचलं, आणि पायाखालची जमीनच गेली! छताचा पंखा दिसला, मग मॅट. पाठ अशी शेकली म्हणता! सरही माझ्याबरोबर खाली आले, अर्धे माझ्या अंगावर.

मी उठणार, तेवढ्यात माझ्या कानाशेजारी सरांचा हात मॅटवर पडला. थप, थप.

मी त्यांना कुठेही धरलं नव्हतं. तरी मी दोन्ही हात वर केले. काकू चपलांसकट मॅटवर धावत आल्या आणि सर त्यांना त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

व्हिडिओ काटछाट न करता टाकायचा, असं सरांनी बजावलं होतं, तसा टाकला. ऑपरेशन झाल्यावर मी हॉस्पिटलमध्ये लॅपटॉप घेऊन गेलो. खाली कोणा जाणकाराची कॉमेंट होती, "फेक उत्तम. मात्र शेवटी थापटायचे ते खाली सापडलेल्याने. इथे फेकणाराच थापटतो आहे. मूलभूत चूक!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांबा सर, याला चांगलं सुनावतो. पण सरांनी लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला आणि पाय उशीवर तसाच ठेवून, एका बोटाने, बराच वेळ टाइप करत बसले.

"आपले निरीक्षण अचूक आहे. पुढच्या व्हिडिओत दुरुस्ती करू. कळावे."