आईच्या रक्ताचे तीन आकडे

आईच्या मूत्राशयात गाठ निघाली, तेव्हा मी इंदूरच्या एका प्रयोगशाळेत नेमक्या त्याच कर्करोगाच्या रक्ततपासणीवर काम करत होते. एक छोटी पट्टी घ्यायची, तिच्यावर रक्तातून वेगळ्या केलेल्या पिवळसर पाण्याचा, म्हणजे सीरमचा थेंब ठेवायचा. या रोगात वाढणारी काही प्रथिनं पट्टीला चिकटली, की तिच्यातला वीजप्रवाह किंचित बदलतो आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर आकडा उमटतो. काम अजून कच्चं होतं. पण बुऱ्हाणपूरला, राजपुऱ्यातल्या आमच्या घरी, एवढंच ठाऊक होतं की पोरगी कॅन्सरची मशीन बनवते.

गाठ काढून झाली. ती पुन्हा उगवू शकते, म्हणून अधूनमधून लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून आत बघावं लागे. आईनं ते दोनदा सोसलं. मग लघवीत परत रक्त दिसलं, तरी ती जायला तयार होईना.

"मले तिथं नेऊ नको," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "त्या टेबलावर तसं पडण्यापेक्षा मेलेलं बरं. तुझी मशीन आहे ना? रक्त घे माझं, पाहिजे तेवढं."

बाबा कागद कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणाकडे काही मागायचा त्यांचा स्वभाव नाही. ते ओट्याजवळ माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "एक बार करून तर पाहा."

मी प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांना फोन केला. "मोजून बघ," ते म्हणाले, "पण त्या आकड्यावर काही ठरवू नकोस."

पुढच्या खेपेला यंत्र आणि पट्ट्या घेऊन गेले. शनवारा भागातल्या लॅबच्या ताईंनी घरी येऊन रक्त नेलं आणि पाणी वेगळं करून दिलं. जेवणाच्या टेबलावर मी मोजायला बसले. बाबा माझ्या खांद्यामागे उभे.

पहिला आकडा कमी आला, निरोगी माणसाचा असावा तसा. तोच नमुना दुसऱ्या पट्टीवर ठेवला, तर आकडा दुपटीच्या वर. तिसरा भलतीकडेच.

"पहिला धर," बाबा म्हणाले.

"असं धरता येत नाही, बाबा."

"दुसरी पट्टी खराब असेल."

"पहिलीही असेल."

आतून आईनं विचारलं, "काय म्हणते मशीन?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. "काहीच सांगत नाही, आई. तिला अजून नीट कळत नाही." बोलता बोलता मला रडू आवरेना.

आईनं पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "ने मग. कुठं नेतेस तिथं ने."

दुर्बिणीत नवी गाठ दिसली; तुकडा तपासल्यावर ती स्नायूत खोल उतरलेली निघाली. मूत्राशय काढावं लागलं. आता पोटाला लघवीची पिशवी आहे. बाबा ती रिकामी करतात, तेव्हा आई डोळे मिटून घेते. शेजारणी आल्या तर झोपल्याचं सोंग करते.

मागच्या महिन्यात तिच्या फुप्फुसात डाग दिसला. रिपोर्ट घेऊन बाबा दवाखान्याबाहेर उभे होते, तिथूनच त्यांनी मला फोन केला.

"हे चूक आहे असं सांगेल," त्यांनी विचारलं, "अशी काही मशीन आहे का तुमच्याकडे?"