सातावर अडकलेली भरती

माझा स्वभाव संशयी आहे आणि माझं पोटही त्यावरच चालतं. सेक्टर तीसमधल्या एका प्रयोगशाळेत मी उपकरणं तपासते. काटा दाखवतो ते लगेच खरं मानायचं नाही, हा तिथला पहिला धडा. पण त्या थंडीत रोज सकाळी सेक्टरच्या पार्कात गळाची काठी घेऊन मी उभी राहायला लागले, तेव्हा संशयित मीच होते.

"बेटा जी, यहाँ मछली कहाँ?" शेजारच्या निवृत्त अंकलनी तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं. फेकायची प्रॅक्टिस करतेय, म्हटलं. त्यांनी दोरीच्या टोकाचं शिसं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, मग आपल्या खिडकीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर बसून माझ्यावर पहारा करू लागले.

मी शिकत होते ते गावच्या खाडीसाठी. आमच्या नदीत दिवसातून दोनदा भरतीचं पाणी शिरतं. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहतात. चंदीगडला चला म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "गरीक जातंय तवसर माका हलवू नको." गरी म्हणजे गळ. तो हातात आहे तोवर मी धडधाकट, असा त्यांचा हिशेब. मला तो कधीच पटला नव्हता. म्हणून दिवाळीत मी हट्टानं त्यांच्यासोबत काठावरच्या कातळावर गेले. मासे हे निमित्त होतं. त्या निसरड्यावरून ते कसे उतरतात, ते मला बघायचं होतं. ते नीट उतरले आणि मीच घसरले. वर माझी दोरी त्यांच्या दोरीत अशी गुंतली की शेवटी कापावी लागली.

"फेकूक मागसून शीक," ते म्हणाले. "पयली पाण्याची येळ शीक."

मग परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखी पाऊणकी घोकून घेतली. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरतीनंतर सहाएक तासांनी तिथेच नुसता चिखल. म्हणजे भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, आणि गळ टाकायचा तो चढत्या पाण्यात, कारण मासा पाण्याबरोबर आत येतो.

चंदीगडला परतल्यावर रोज संध्याकाळी मी स्वयंपाक करता करता फोन करायची. एका दशमीला बाबा म्हणाले, "सकाळी साताक गेलंय. पाणी काठोकाठ. दोन तांबोसे गावले." दशमीची भरती साडेसातची, म्हणजे बरोबर. दुसऱ्या दिवशीही सात, तिसऱ्या दिवशीही सात. कधी तांबोसा, कधी शेंगटी, आणि पाणी रोज काठोकाठ.

आठव्या दिवशीही सातच ऐकून फोन ठेवला आणि भाजी चिरताना सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. द्वितीया होती. भरती दीडची, म्हणजे सातला खाडी रिकामी. कुठेतरी पाणी मुरत होतं. आधी मला माझ्या गुणाकाराचा संशय आला, मग पाऊणकीचा. मोबाईलवर भरतीची वेळ काढली, ती जुळली. पाणी रोज पुढे सरकत होतं आणि बाबांची वेळ सातावरच अडकली होती. असं उपकरण माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी तिसऱ्याच दिवशी बाजूला काढलं असतं.

मला राग आला. आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. सापडले एकदाचे! लगेच परत फोन लावला.

"बाबा, आज द्वितीया. साताक खाडीत चिखल असता. तांबोसे काय चलत इले?"

ते म्हणाले, "आठ दीस लागले तुका?"

"म्हणजे?"

"पाऊणकी मियाच शिकवलंय मा? माझी येळ चुकली, असा वाटला तुका?"

दशमीलाच ते कातळावरून पडले होते. गुडघा सुजला होता, खाडीवर जाणं बंद. "तोंडान सांगूक जीभ वळना नाय," ते म्हणाले. मला माझीच लाज वाटली. आठ दिवस ते मला सांगत होते आणि मी भाजी चिरत होते.

गुडघा बरा होईपर्यंत, या अटीवर ते माझ्याकडे आले. आता पार्कातल्या बाकावर अंकलच्या शेजारी बसतात, माझ्या फेकीला नावं ठेवतात आणि रोज सकाळी गावच्या भरतीची वेळ जाहीर करतात. "आज पावणेधाक." अंकल मान डोलावतात, "पक्का." मी मात्र मनात गुणाकार करून बघते. दोन महिने वेळ एकदाही चुकली नाही. गुडघाही सुधारला. आताशा काठीशिवाय जिना चढतात. परत जायचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मला ते इथेच हवे होते.

परवा सप्तमी होती. बाकावर टेकत बाबा म्हणाले, "आज साताक भरती."

सात पाऊणे सव्वापाच. मी पुन्हा एकदा गुणून पाहिलं. मग दोरी गुंडाळली, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "दोघांची तिकिटां कधीची काढू?"