मधल्या चौकटीतला उलटा ळ

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. शिक्षण चौथी, पण अक्कल कुठे गहाण टाकलेली नाही. तरी २००६ साली अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे होतो तेव्हा जे झालं ते लिहितोय... ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

मुलाने, सतीशने, नातेवाइकांसाठी एक वेबपेज केलं होतं. वर सगळ्यांची नावं, खाली फोटो, मध्ये एक चौकट. नागपूरहून कोणी निरोप टाकला की आपण हात न लावता चौकटीतलं बदलायचं. बाकी पान ढिम्म! मला किळस यायची — मेलेल्या जनावराचं पोट किड्यांनी हलावं तसं.

"बाबा, जावास्क्रिप्ट आहे ते. अख्खं पेज लोड करायचं नाही, तेवढाच सेक्शन सर्व्हरवरून आणायचा."

"म्हणजे तोंड तुझं नि जीभ दुसऱ्याची. शी!"

तेव्हा माझी धाकटी बहीण कमळ नागपुरात दवाखान्यात होती. अर्धांगवायू... उजवा हात गेला, वाचा गेली. मला निघायचं होतं. सतीश म्हणे, "रिपोर्ट येऊ द्या, मग तिकीट बघू." भाचा चौकटीत रोज एकच लिहायचा — 'आई स्टेबल आहे.'

एका दुपारी मी बघत असताना चौकट हलली. 'दादा ये. कमळ.' आणि त्यातला ळ उलटा, डोक्यावर उभा! लहानपणी मी चुलीच्या राखेत अक्षरं काढायचो, ती कमळ समोर बसून, उलट्या बाजूने बघत शिकली. बाकीची अक्षरं पुढे सुधारली, ळ जन्मभर उलटाच राहिला.

"सूनबाई, हे बघ!"

ती हात पुसत आली तोवर पुन्हा 'आई स्टेबल आहे'.

संध्याकाळी सतीशने पानाची सगळी नोंद उपसली. "असा मेसेज आलेलाच नाही. आणि उलटा ळ कुठल्याच फॉन्टमध्ये नसतो यार... सॉरी, बाबा."

"तुझा फॉन्ट गेला खड्ड्यात! तिकीट काढ, नाहीतर चालत एअरपोर्ट गाठतो."

काढलं. पोचलो तेव्हा कमळ दाराकडेच बघत होती. चमच्याने पाणी मी पाजलं, ते गिळलं आणि गेली. भाचा तिच्या पायाची शपथ घेऊन सांगतो, त्याने तसं काही लिहिलं नव्हतं.

म्हणून काही मी त्या पानाच्या पाया पडणार नाही. माणसाची हाक दाखवायची आणि लगेच पुसून 'स्टेबल' म्हणायचं — असली निलाजरी वस्तू दुसरी पाहिली नाही. पण ती हाक तिथवर आणली कोणी, ते आजवर कळलेलं नाही. कोणाला कळत असेल तर सांगा. फक्त कॉम्प्युटरवाल्यांनी सांगू नये... त्यांना विचारून झालंय.