राष्ट्रपती भवनातली हाक

माझा मित्र दौलत गेल्याचं मला नाशिकला द्वारकेच्या चौकात कळलं. गावातल्या एकानं रिक्षातून वाकून सांगितलं, तेवढ्यात सिग्नल सुटला... त्याला आता महिना होईल.

मखमलाबादला त्याचा गुलाबाचा मळा. १९९४च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं पहिल्यांदा दिल्लीला गेलो. राष्ट्रपती भवनाची बाग त्या दिवसांत लोकांसाठी उघडतात. दौलत सगळं वाचून आला होता. त्या टेकडीवर आधी रायसीना नावाचं गाव होतं. ते उठवून इंग्रजांनी व्हाइसरॉयसाठी तीनशेच्या वर खोल्यांचा हा महाल बांधला. "गाव उठवलं, पण सगळे गेले असतील का रे?" तो सहज म्हणाला. मला ते बरं वाटलं नाही.

पाण्याच्या पाटांकडेनं रांग सरकत होती. शेवटी गोल बाग लागते, मधे तळं आणि भोवती फुलांचे टप्पे. तिथं दौलत एकदम थांबला. तोंड पांढरं पडलेलं. "अण्णांनी हाक मारली," तो म्हणाला. "दवल्या म्हणून." त्याला दवल्या म्हणणारे एकटे त्याचे वडील. तो सात वर्षांचा असताना ते फुलांची पाटी घेऊन बाजारात गेले, ते परतलेच नाहीत. आम्ही तिथल्या माळ्यांना विचारलं. नाशिककडचं कुणी नव्हतं.

मग दर फेब्रुवारीला तो एकटा जाऊ लागला. पुढे हृदयाचा आजार जडला, तरी थांबेना. २००५ साली त्याच्या बायकोनं, शकूवहिनींनी, मला सोबत धाडलं. "भाऊजी, तिथं कोणी नाय, एवढं तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

भर दुपार होती. गोल बागेत आम्ही रांगेच्या अगदी शेवटी होतो. पुढच्या माणसांचं बोलणं हळूहळू ऐकू येईनासं झालं... आणि माझ्या कानाशी, आपल्याकडच्या बोलीत, कुणीतरी म्हणालं, "दवल्या, ऊन लय हाय. सावलीत ये."

मी वळलो. मागे मोकळी वाट होती.

दौलत माझ्याकडेच बघत होता. "ऐकलंस?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यानं मान हलवली. पुन्हा तो दिल्लीला गेला नाही. वहिनींनी माझे आभार मानले. पण त्यानंतर त्याचं मळ्यातही मन रमेना. भेटलो की माझ्याशी बोलायचा, नजर मात्र दुसरीकडे. तीन वर्षं असा जगला.

तेराव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तिथं खरंच कोणी नव्हतं ना?"

मी पुन्हा नाही म्हणालो. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे लिहितोय, ती त्यांच्या घरी येते. वहिनी, होतं.