वैष्णवीला घरी कुणी सोडलं?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कॉलनीत कुणी 'बाहेरचं काहीतरी हाय' म्हणालं की 'आधी डॉक्टरकडे जा' म्हणून झापणारी मीच. आणि हे लिहितेय ते भीती वाटते म्हणून नाही... लाज वाटते म्हणून. नावं तेवढी बदलली आहेत.

आमची कॉलनी परभणीत, वसमत रोडला. कोजागरीला आम्ही बायका दरवर्षी कुणाच्या तरी शेतात जाऊन दूध आटवतो. नवरे नाहीत, लेकरं नाहीत, एक रात्र आमची. आणि या सगळ्याची मुखत्यार मी! गाड्या मी ठरवणार, ड्रायव्हर पिऊन तर आला नाही ना हे त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन मी बघणार, रस्त्यानं चालताना गाड्यांच्या बाजूला मी. बायका हसतात, "काकू, तुमी पोलिसातच पायजे होता." हसू देत. आजवर एकीलाही साधं खरचटलं नव्हतं.

यंदा शेजारच्या रुक्मिणमावशींची नवी सून, वैष्णवी, पहिल्यांदाच येणार होती. पूर्णेकडच्या खेड्यातली पोर, लाजरी, पण कामाला वाघ. तिच्या नवऱ्याची रेल्वेत रात्रपाळी, त्यामुळे मावशी काही केल्या पाठवेनात. "लोकाची लेक हाय, रातीचं कुठं धाडू?" मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मावशी, माझ्यावर सोडा. नेली तशी आणून दारात उभी करते." तेव्हा कुठं त्या हो म्हणाल्या.

शेत जिंतूर रोडला, शहर मागं पडलं की थोडं पुढं. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं, चांदणं पिठूर. गाणी झाली, भेंड्या झाल्या, फुगड्या खेळून माझा गुडघा कामातून गेला. दूध संपलं तेव्हा पातेल्याच्या तळाला ही जाड खरवड! खरकटं पातेलं घरी न्यायचं नाही, तिथंच घासायचं, हा आमचा जुना नेम. वैष्णवी सगळ्यांत लहान, म्हणून मी तिलाच म्हणाले, "जा गं, हौदावर घासून आण." हात ओले होतील म्हणून तिनं मोबाईल माझ्याकडे दिला. मी तो पर्समध्ये टाकला. हौद पत्र्याच्या आखाड्यामागं, म्हणजे शेतातल्या शेडमागं, इकडून दिसत नाही.

दोन गाड्या होत्या. मी पुढच्या गाडीत बसून ओरडले, "सगळ्या बसल्या का?" मागून आवाज आला, "बसल्या, बसल्या!" त्यांना वाटलं वैष्णवी माझ्यासोबत. आणि मला... मला काही वाटलंच नाही. दरवर्षी खाली उतरून एकेकीचं तोंड बघते, त्या रात्री गुडघा ठणकत होता म्हणून उतरले नाही. घरी येऊन ग्रुपवर टाकलं — 'सगळ्या सुखरूप पोचल्या, गुड नाईट.' कोजागरीला जागायचं असतं म्हणतात. मी ढाराढूर झोपले.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर पातेलं पालथं. लख्ख. मागच्या गाडीतल्या कुणीतरी ठेवलं असेल म्हणून आत घेतलं, चहा टाकला आणि चष्म्यासाठी पर्समध्ये हात घातला... तर वैष्णवीचा मोबाईल. त्यावर मावशींचे मिस कॉलच मिस कॉल.

उघडं रान, रस्त्यावर ट्रक, अंगावर नवे दागिने असलेली पोर — आणि मी तिला तिथं टाकून आले होते. गॅस तसाच ठेवून अनवाणी धावले. देवाला हात जोडले की काय केलं, आठवत नाही.

मावशी अंगणात सडा टाकायल्या होत्या. मला बघून हसल्या. "आवं, राती चा तरी घ्यायचा हुता! एवढं दारापर्यंत आणून सोडलं अन् पाणीबी न घेता गेलात."

मावशी पुढं बोलतच होत्या.

"पोरगी मोबाईल उचलंना, जीव वरखाली व्हायलता माझा. पण दारात तुमाला बघितलं अन् म्हणलं, बाई शब्दाची पक्की हाय."

तेवढ्यात वैष्णवी बाहेर आली. उंबऱ्याशी तिच्या चपला, काळ्या मातीनं लडबडलेल्या. "काकू, गुडघा दुखायला का? लय चालवलं मी तुमाला."

मग तिच्याच तोंडून कळलं. घासून वळली तर गाड्या नाहीत. तिथंच बसून रडायला लागली, तर शेताच्या रस्त्यानं 'मी' आले म्हणे. एकटीच. अंगावर मी त्या रात्री नेसलेली तीच हिरवी साडी. 'मी' पातेलं काखेत घेतलं, तिचा हात धरला आणि चालत घरापर्यंत आणलं. ट्रक जात होते त्या बाजूला 'मी'.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी "एवढं काय त्यात," म्हणाले! मावशींनी घरात नेऊन खणा-नारळानं माझी ओटी भरली. आणि मी बेशरम, भरून घेतली.

घरी येऊन नवऱ्याला खोदून खोदून विचारलं, रात्री मी उठून कुठं गेले होते का. ते म्हणाले, "तुझ्या घोरण्यानं मीच जागा होतो की. कुठं गेलतीस?" माझ्या चपलांना शेतातली धूळ तेवढी होती, तिच्यासारखी लडबडलेली माती नव्हती. शेतमालकिणीला फोन केला, त्यांच्याकडून कुणी सोडायला गेलं नव्हतं. घाबरलेल्या पोरीचा काही गैरसमज झाला म्हणावं, तर मावशी मला रोज बघतात, आणि त्यांनी 'मला' दारातल्या दिव्याखाली बघितलंय.

आता मावशी सगळ्या कॉलनीत सांगत फिरतात, "काकू असल्यावर कशाची भीती?" मी मान खाली घालून ऐकते.

परवा वैष्णवी माझ्याकडे मेथी निवडत बसली होती. सहज म्हणाली, "त्या राती तुमी एकदाच बोललात, काकू. मी इचारलं, माझ्यावर रागावलात का, गप का हाव? तर म्हणलात, 'न्हाई गं. मला लाज वाटायलीय.'"

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. ती कोण होती, मला आजही सांगता येत नाही. मी घरात घोरत पडले होते तेव्हा तिला माझी लाज वाटत होती, एवढंच कळतं. आणि पोरीला मी अजून खरं सांगितलेलं नाही.