शेवटचे सहा आकडे

माझ्या बायकोच्या मामांइतका अट्टल गिरगावकर खुद्द गिरगावातही सापडायचा नाही, आणि हे मामा गेली काही वर्षं बदलापूरला राहतात. चाळ पाडायची ठरली तेव्हा मुलांनी खोलीचे पैसे घेऊन मोकळं व्हायचं ठरवलं. मामांना विचारलं नाही असं नाही, सहीच्या दिवशी विचारलं. मामांनी सही केली, बदलापूरच्या हवेचं चारचौघांत कौतुकही केलं. गिरगावच्या शाखेतलं बँकेचं खातं तेवढं त्यांनी सोडलं नाही.

त्या खात्यासाठी त्यांनी एक उद्योग काढला. महिन्यातून एकदा गिरगावात जायचं, पासबुक भरून घ्यायचं आणि येताना समस्त नातेवाइकांसाठी मेतकूट आणि सांडगी मिरच्या आणायच्या. पैसे रोख घ्यायचे नाहीत, फोन नंबरावर तर मुळीच नाहीत. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड घालूनच पाठवायचे. तो कोड ते फोनवर खणखणीत आवाजात सांगत. "पाचवं शून्य आहे, जावईबापू. ओ नव्हे, शून्य! पहिली चार अक्षरं बँकेची, ती सगळ्या हिंदुस्थानात तीच. मधलं शून्य कुणाचंच नाही. शेवटचे सहा आकडे आपले." कोड घातला की स्क्रीनवर शाखेचं नाव येतं, ते मोठ्याने वाचून दाखवावं लागे. मी "शाखा, गिरगाव" म्हटलं की मामा म्हणत, "बरोबर. आता पाठवा." पावशेर मेतकुटासाठी एवढा सोहळा.

एकदा दादरच्या भाजीबाजारात घाईत होतो म्हणून मी फोन नंबरावर पैसे टाकले. दुसऱ्या दिवशी मामा बदलापूरहून गिरगावला गेले, बँकेत रांग लावली आणि ते पैसे मला परत पाठवले. वर फोन करून म्हणाले, "नंबरावर नाव येतं हो, गाव येत नाही."

माझ्या भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही, खातं कुठल्या शाखेत ते विचारलं. तो बिचारा म्हणाला, "ऑनलाइन उघडलंय मामा, शाखा बघावी लागेल." पंगतीत मामा माझ्या कानाशी लागले, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण कुठलाच नाही."

मग थोरल्या चिरंजीवांना बापाची दया आली. हा मुलगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. बाबांना एवढी दगदग नको म्हणून त्याने चहा पिता पिता फोनवरूनच त्यांचं खातं बदलापूर शाखेत हलवलं. मामांच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो मामांनीच चष्मा लावून वाचून दाखवला. कशाचा होता ते नंतर कळलं. "खाते नंबर तोच आहे ना बाबा? मग बिघडलं काय?" असं त्याने विचारलं, आणि मामा "काही नाही" म्हणाले. मला पोराचा राग आला, पण त्याहून जास्त मामांचा आला. जन्मभर हा माणूस परक्यांशी शून्यावरून भांडला आणि घरात प्रत्येक वेळी निमूट सही करत गेला.

गेल्या महिन्यात मेतकूट आलं ते बदलापूरच्या दुकानातलं. चवीला चांगलं होतं, त्याचाही मला रागच आला. पैसे पाठवायला बसलो आणि मामांना फोन लावला.

"मामा, माझ्याकडे तुमचा जुनाच कोड आहे. अजून गिरगावच येतंय."

मामा म्हणाले, "वाचा बघू."

"शाखा, गिरगाव."

"बरोबर," मामा म्हणाले. आवाज पूर्वीचा नव्हता. "पण तिथे नका पाठवू, जावईबापू. तिथे आता आपलं कोणी नाही. फोन नंबरावर टाका."

मी टाकले. क्षणात गेले. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशीही पाहिली. या वेळी ते परत आले नाहीत.